पहिल्या टेबलावरचा माणूस: निर्वासिताची नोंद नेमकी कशी होते?

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी तो इथं लिहून देतोय. बोलताना जिथं अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच आहे.

सुरुवात एका साध्या प्रश्नानं करू. तुमच्या वडिलांचा वाढदिवस कधी असतो?

माझ्या वडिलांचा १ जून. काकांचाही १ जून. आमच्या बीड जिल्ह्यात कुठल्याही गावातल्या जुन्या माणसांची आधार कार्डं गोळा करा, निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं निघेल. कारण तुम्हाला माहितीच आहे. शाळेत नाव घालायला पोरगं आणलं, जन्माचा दाखला नाही, गुरुजींनी डोक्यावरून हात नेऊन कान पकडायला लावला, हात पोचला की पोरगं सहा वर्षांचं. तारीख? लिहा १ जून.

एक माणूस, एक रजिस्टर, एक ओळ. ती ओळ मग दाखल्यावर गेली, आधारवर गेली आणि जन्मभर मागं लागली.

माझ्या आजीचं नाव एका कागदावर पारूबाई आणि दुसऱ्यावर पार्वती. तेवढ्यावरून तिची पेन्शन आठ महिने अडली. टेबलावरचा माणूस तिला तोंडानं ओळखत होता, पण स्क्रीनवर नाव जुळत नव्हतं. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे, असेच फॉर्म बनवतो. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपण ज्याला "फील्ड" म्हणतो, त्यात कुणाचं तरी पोट अडकलेलं असतं.

आता हेच टेबल परक्या देशात आहे असं समजा. समोर आलेला माणूस जीव वाचवून पळून आलाय आणि कागद मागं राहिलेत. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याचं काम काय असतं, हा आजचा विषय.

आधी हे समजून घेऊ: निर्वासित कोण?

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला आपल्याकडची हजारो कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. हाल खूप असतात, पण पट्टा पडला की माणूस गावी परत येतो. ते स्थलांतर झालं.

निर्वासित म्हणजे ज्याला परत जाता येत नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानं त्याची व्याख्या केलीय: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या विशिष्ट सामाजिक गटाचा भाग असणं किंवा राजकीय मत, या पाच कारणांपैकी एकामुळं ज्याला छळाची रास्त भीती आहे आणि म्हणून जो आपल्या देशाबाहेर आहे, तो निर्वासित. आणि ज्यानं "मला आसरा द्या" असा अर्ज केलाय, पण निर्णय अजून बाकी आहे, तो आश्रय मागणारा. पहिल्या टेबलावर येतो तो हा दुसरा माणूस.

हे आपल्याकडं कधी झालंय का?

झालंय की. आपले ऊसतोड कामगार ज्या कोल्हापूरकडं जातात, त्याच कोल्हापूरजवळ वळीवडे गावात १९४३ साली पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली. सुमारे ५,००० लोक होते, त्यात बायका आणि मुलंच जास्त. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत फौजांनी त्यांना घरातून उचलून सैबेरियात आणि मध्य आशियात नेऊन टाकलं होतं. तिथून सुटल्यावर ते इराणमार्गे भारतात आले. वळीवड्यात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. महायुद्ध संपलं, पण त्यांच्यातल्या अनेकांची गावं आता सोव्हिएत युनियनमध्ये गेली होती. "लढाई संपली, आता घरी जा" असं कुणाला म्हणणार? घरच सरहद्दीच्या पलीकडं गेलेलं. पुढं बरेच जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत गेले. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली आणि त्याच जागेत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. आजचं गांधीनगर ते हेच.

तिकडं कल्याणजवळ लष्कराच्या रिकाम्या बराकींत जवळपास लाखभर सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ ला त्या वस्तीचं नाव उल्हासनगर ठेवलं गेलं. आजही तिथला पत्ता "कॅम्प नंबर ३", "कॅम्प नंबर ४" असाच सांगतात.

आता पहिल्या टेबलाची ताकद बघा. आपल्या राज्यघटनेचं कलम ६ पाकिस्तानातून आलेल्यांबद्दल आहे. जो स्वतः किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी वा आजी-आजोबांपैकी कुणी एक अखंड भारतात जन्मलेला, असा माणूस १९ जुलै १९४८ च्या आधी येऊन इथंच राहिला असेल, तर तो नागरिक. त्या दिवशी किंवा त्यानंतर आला असेल, तर त्याला सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं अर्ज करून नाव नोंदवावं लागायचं, आणि अर्जाआधी किमान सहा महिने भारतात राहिलेलं असावं लागायचं. म्हणजे १८ तारखेला आलेल्याला एक नियम आणि १९ तारखेला आलेल्याला दुसरा. "तुम्ही कधी आलात?" हा प्रश्न गप्पा मारायला विचारलेला नव्हता, त्यावर नागरिकत्व ठरत होतं.

आज हे काम कसं चालतं?

भारतानं १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडं निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. परदेशी माणसांना १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेला इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अ‍ॅक्ट लागतो. तिबेटी आणि श्रीलंकेतल्या तमिळ निर्वासितांचं काम सरकार बघतं. अफगाणिस्तान, म्यानमार अशा देशांतून आलेल्यांची नोंद संयुक्त राष्ट्रांची यूएनएचसीआर ही संस्था करते. कायदा नाही म्हणून संरक्षणच नाही, असं मात्र नाही. चकमा लोकांच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कलम २१ नुसार जिवाचं रक्षण हे नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाला मिळतं.

देश बदलला की तपशील बदलतात, पण कामाचा क्रम साधारण असा असतो:

एक, आधी माणूस बघायचा. आजारी आहे का, गरोदर आहे का, लेकरू एकटंच आलंय का, कुणाला तातडीचा धोका आहे का. अशांना रांगेत थांबवायचं नाही.

दोन, ओळख. नाव, कुटुंबात कोण कोण, कुठून आले, कुठली भाषा बोलतात. नावाचं स्पेलिंग त्या माणसाला विचारूनच लिहायचं. मग फोटो, बोटांचे ठसे, बुबुळांचा स्कॅन. कागद हरवतो, बोटं हरवत नाहीत. एका माणसाची दोनदा नोंद होऊ नये, हाही त्यामागचा हेतू.

तीन, एक कागद द्यायचा: "याचा अर्ज विचाराधीन आहे." उद्या रस्त्यात कुणी अडवलं, तर दाखवायला त्याच्याकडं तेवढंच असतं.

चार, मुलाखत. ही बहुतेक वेळा नंतर होते आणि वेगळा अधिकारी घेतो. "का पळून आलात?" हे इथं सविस्तर विचारतात. दुभाषा असतो, आणि त्यानं "ही म्हणते की" असं न करता "मी" म्हणूनच बोलायचं असतं. स्वतःचं मत घालायचं नाही, काही गाळायचं नाही.

आणि एक पक्का नियम: खात्री करायला त्या माणसाच्या देशाच्या दूतावासाला फोन करायचा नाही. ज्यांच्यापासून तो पळालाय त्यांनाच त्याचा पत्ता दिल्यासारखं होईल. गावी राहिलेल्या नातेवाइकांच्याही जिवावर बेतेल.

म्हणजे पहिल्या टेबलावर निकाल लागत नाही, फक्त नोंद होते. पण पुढचा प्रत्येक अधिकारी तीच नोंद समोर ठेवून विचारतो, "तेव्हा तुम्ही असं सांगितलं होतं, आता वेगळं कसं?"

तारीख आठवत नाही म्हणजे खोटं बोलतोय का?

माझ्या आजीला विचारा, थोरला मुलगा कधी झाला? ती म्हणेल, "बहात्तरच्या दुष्काळात कडेवर होता." नातू? "किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या आदल्या साली." आजी खोटं बोलत नाहीये. तिचं कॅलेंडर वेगळं आहे, इतकंच.

तसंच अफगाणिस्तानात सौर हिजरी वर्ष चालत आलंय. इथिओपियाचं कॅलेंडर आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा सात-आठ वर्षं मागं असतं आणि त्यात तेरा महिने असतात. घाईत भाषांतर केलं की तारीख चुकते, आणि मुलाखतीत तीच चूक "विसंगती" म्हणून समोर येते. तारीख माहीतच नसेल, तर जगात ठिकठिकाणी १ जानेवारी लिहून टाकतात. आपला १ जून, त्यांचा १ जानेवारी!

त्यात मारहाण, बलात्कार, डोळ्यांसमोर झालेला खून, असलं सोसलेल्या माणसाला सगळं क्रमानं आठवतंच असं नाही. वास आठवतो, आवाज आठवतो, वार आठवत नाही. म्हणून चांगला अधिकारी तारखेवर अडून बसत नाही. तो विचारतो, पाऊस होता का? पेरणी झाली होती का? सणाच्या आधी की नंतर? आणि लिहिलेलं शेवटी वाचून दाखवतो, "मी बरोबर लिहिलंय का?"

चुकीचा "हो" आणि चुकीचा "नाही"

खोटं बोलणारे येतात का? येतात. म्हणून तपासणी लागतेच, आणि अधिकाऱ्यानं सगळ्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवावा असं कुणी म्हणत नाही. पण आमच्या धंद्यात टेस्टिंग करताना दोन चुका वेगळ्या मोजतात, तशा इथंही मोजाव्या लागतात. चुकीचा "हो" म्हणजे ज्याची गरज नव्हती त्याला आसरा मिळाला. चुकीचा "नाही" म्हणजे खऱ्या माणसाला परत मारेकऱ्यांच्या हातात दिलं. पहिली चूक पुढं सुधारता येते. दुसरी सुधारायला माणूसच उरत नाही. जिथं जिवाला धोका आहे तिथं परत ढकलायचं नाही, हे १९५१ च्या कराराचं कलम ३३ त्यासाठीच आहे. आणि शक्य तेवढं सगळं तपासूनही थोडी शंका उरली, तर तिचा फायदा अर्जदाराला द्यावा, असं यूएनएचसीआरचं मार्गदर्शन सांगतं.

या टेबलावर बसणाऱ्याचंही सोपं नसतं. दिवसभर एकामागून एक छळाच्या कहाण्या ऐकायच्या, रांग संपत नाही, आणि "साहेब, होईल ना माझं?" असं कुणी विचारलं तर खोटी आशाही द्यायची नाही. रोज तेच ऐकून मन बधिर होतं. मग समोरचा माणूस दिसायचा बंद होतो आणि पंचेचाळिसावा फॉर्म दिसायला लागतो. खरा धोका तिथं असतो.

आजीचं नाव शेवटी दुरुस्त झालं. प्रतिज्ञापत्र केलं, चार चकरा मारल्या, झालं. तिच्यामागं गाव होतं, साक्षीदार होते, नातू होता. पळून आलेल्या माणसामागं यातलं काहीच नसतं. त्याच्याकडं असते ती पहिल्या टेबलावर लिहिली गेलेली ओळ.

तुमच्यातले काही जण उद्या तलाठी होतील, बँकेत बसतील, पोलीस भरतीत निवडले जातील, नाहीतर माझ्यासारखे फॉर्म बनवतील. समोरच्याला अर्धा मिनिट जास्त द्या. लिहिलेलं वाचून दाखवा. "बरोबर आहे का?" एवढं विचारा.

तुमच्या घरात १ जूनवाले किती आहेत, तेही कळवा. भेटू पुढच्या भागात!