पेल्याखालच्या गोधडीचें भरण

थंड सरबताचा पेला मेजावर घटकाभर ठेवला कीं त्याच्या अंगाला घाम सुटतो. हें पाणी पेल्यांतून झिरपलेलें नसतें; हवेंतील बाष्प थंड काचेला लागून निवतें व त्याचे थेंब होतात. ते ओघळून लांकडावर वर्तुळ उमटतें. गरम चहाच्या पेल्याचा उपद्रव निराळा. त्याच्या उष्णतेनें रोगणांत ओल शिरून पांढरा डाग पडतो. यावर उपाय म्हणून सुमारें ११ सेंटिमीटर चौरस, हातानें टाके घातलेली इवलीशी गोधडी पेल्याखालीं ठेवतात. बाजारांत तिला कोस्टर म्हणतात.

वरचें कापड सर्वजण हौसेनें निवडतात. आंतल्या भरणाकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं; पाहिलेंच तर रजईचा नियम लावतात, कीं जितकी फुगीर तितकी चांगली. चूक येथेंच होते. रजईला ऊब धरावयाची असते, पेल्याखालच्या गोधडीला तोल सांभाळावयाचा असतो. फुगीर भरणावर उंच पेला डुगडुगतो. आणि उकळता चहा एकदां लहान मुलाच्या अंगावर सांडला, तर मेजावरच्या डागाची आठवणही कोणास राहणार नाहीं. टाके घातल्यावर गोधडी ३-४ मिलिमीटरांहून जाड होऊं देऊं नये.

दुकानांत सर्वांत सहज मिळणारें भरण पॉलिएस्टरचें. हा तंतु व्हिनफील्ड व डिक्सन यांनीं १९४१ सालीं इंग्लंडांत शोधून काढला. तो हलका, लवकर वाळणारा खरा. परंतु पाण्याशीं त्याचें सख्य नाहीं. बेताच्या दमट हवेंत कापूस आपल्या वजनाच्या सुमारें ८ टक्के ओल धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाहीं. त्यामुळें वरचें कापड भिजलें कीं पाणी तेथेंच राहतें, गोधडी पेल्याच्या बुडाला चिकटून वर येते आणि मध्येंच गळून पडते. चहाच्या उष्णतेनें हा तंतु वितळत नाहीं. चुलीवरून उतरलेला तवा मात्र त्यावर चुकूनही ठेवूं नये.

पिंजलेला सुटा कापूस गादीस उत्तम. (पिंजाऱ्याच्या धनुकलीचा नाद आतां शहरांत क्वचितच कानीं येतो, ही गोष्ट वेगळी.) लहान गोधडींत तो दोन धुण्यांतच गोळा होऊन कोपऱ्यांत जातो. कापसाचें दाबून केलेलें तयार पटल त्याहून बरें, पण तें पहिल्या धुण्यांत शेंकडा ३ ते ५ आटतें. तेव्हां विकत घेण्यापूर्वीं वेष्टनावरील सूचना वाचावी. लोकर उष्णतेस चांगली, परंतु गरम पाण्यानें ती आटून घट्ट होते.

या सर्वांहून सरस भरण बहुधा घरांतच असतें. वाकळ शिवणाऱ्या बायकांना तें केव्हांच ठाऊक होतें: जुना पंचा, जुनें धोतर, सुती लुगडें. अनेक धुण्यांनीं त्यांतील खळ गेलेली असते, जें आटावयाचें तें आटून गेलेलें असतें, आणि सूत पाणी चटकन ओढतें. पंचाच्या तीन-चार घड्या किंवा धोतराच्या सहा-आठ पुरतात. नव्या मांजरपाटाचेंच भरण करावयाचें झाल्यास तो आधीं दोनदां धुवावा. कापडांत टेरिकॉटची भेसळ असल्याचा संशय आल्यास एक धागा सुटा काढून चिमट्यांत धरून जाळावा. निव्वळ सुताची मऊ राख होते व कागद जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर असल्यास टोंकाशीं कठीण मणी उरतो.

आजीचें लुगडें कापण्यास कित्येक घरांत मन धजत नाहीं, आणि त्यावर पेला ठेवणें तर अनेकांस अप्रशस्त वाटतें. तेथें पदर व कांठ जपून ठेवावेत आणि मधला विरलेला भाग तेवढा भरणांत घालावा. वस्त्र घरांतच राहतें, कामासही येतें.

धांवदोरा कडेपासून आंत, चौकटीमागून चौकट असा घालावा व दोन ओळींत बोटभरच अंतर ठेवावें, म्हणजे थर सरकत नाहींत. एक सावधगिरी मात्र अवश्य पाळावी. ओल्या फडक्यानें तापलेलें पातेलें उचलणाऱ्यास चटका बसतो. कारण तंतूंमधील हवेची जागा पाण्यानें घेतलेली असते आणि पाणी उष्णता लवकर पोंचवितें. भिजलेल्या गोधडीचेंही तसेंच. सरबताला वापरलेली गोधडी चहाला वापरूं नये, आणि ओली मेजावर तशीच न ठेवतां दोरीवर वाळत घालावी.