रविवारचे जंगल, बारमाही जंगल

मुंबईच्या नकाशावर बोरिवली आणि ठाणे यांच्यामध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरचा हिरवा पट्टा दिसतो. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. लोकलच्या स्थानकापासून चालत गाठता येईल इतक्या अंतरावर बिबट्यांचे जंगल असणारी महानगरे जगात फार थोडी. तरीही बहुतेक मुंबईकरांची तिथली भेट एकाच साच्यातली असते. पावसाळ्यातला एखादा रविवार, सफारीची रांग, वेळ उरलाच तर कान्हेरी, आणि मग ‘नॅशनल पार्क बघून झालं’. कधी जायचे, कुठे जायचे, किती थांबायचे हे इथे आपण ठरवतच नाही. आपली सुट्टी ठरवते. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे, की जंगलाच्या ऋतुक्रमाप्रमाणे आपल्या भेटी आपणच आखणे हा ते ओळखण्याचा खरा मार्ग आहे. शहराला आपले जंगल राखायचे असेल, तर अशी ओळख असलेली माणसे त्याला हवीत.

ऋतू पाहून इथे येण्याची रीत जुनीच आहे. उद्यानाच्या पोटात असलेल्या कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. इ. स. पूर्व पहिल्या शतकापासून साधारण दहाव्या शतकापर्यंत हा कातळ खोदला जात होता. भव्य चैत्यगृह पाहून परत फिरणाऱ्यांच्या नजरेतून सहसा निसटतात ती पाण्याची टाकी. जवळजवळ प्रत्येक विहाराच्या दाराशी कातळात टाके खोदलेले आहे, आणि उतारावरचे पावसाचे पाणी त्यात आणून सोडणाऱ्या पन्हळी वरच्या खडकात कोरल्या आहेत. चार महिन्यांचा पाऊस उरलेल्या आठ महिन्यांना पुरवायची ही योजना आहे. म्हणजे या डोंगरावरची वस्ती पहिल्यापासून पावसाचा हिशेब मांडूनच वसली. पुढे लेणी क्रमांक ९० मध्ये पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली. त्यांतल्या तारखा १००९ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या आणि १०२१ सालच्या ऑक्टोबरमधल्या आहेत. पाऊस ओसरला आहे, टाकी भरलेली आहेत, ऊन अजून तापलेले नाही, असा तो काळ. त्यांनी तो हेतुपुरस्सर निवडला असे लेखांत म्हटलेले नाही. पण हजार वर्षांनंतर आजही कान्हेरीची पायपीट करायला याहून चांगले दिवस सांगता येणार नाहीत.

एका भेटीत जंगल ‘बघून होत’ नाही याचा सर्वांत ठसठशीत पुरावा म्हणजे कारवी. हे झुडूप सात वर्षे नुसते वाढते, आठव्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस सगळे रान एकदम जांभळे करून टाकते, बी धरते आणि मरून जाते. मुंबईच्या या डोंगरांत कारवी २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. पुढची पाळी २०३२ची. फुले पाहायला त्या वर्षी झुंबड उडेलच. मात्र फुलोऱ्यानंतर उभ्या राहिलेल्या वाळक्या काठ्या, उन्हात तडकणारी बोंडे आणि पुढच्या पावसात त्याच जागी उगवलेली कोवळी रोपे ज्याने पाहिली, त्यालाच हे चक्र कळते. याच काठ्यांचा कूड विणून, त्याला शेणमातीने लिंपून कोकणातल्या आणि आदिवासी पाड्यांवरच्या घरांच्या भिंती उभ्या राहिल्या. हीच गोष्ट वार्षिक ऋतुचक्राची. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळीने रान उघडे पडते, तेव्हा पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात आणि त्यांच्या मधासाठी आलेले पक्षी डोळ्यांसमोर असतात. ऐन पावसात तेच पक्षी पानांआड जातात. पण पतंग, बेडूक आणि ओढे यांचे दिवस तेच असतात. जुलैत पक्षी पाहायला जाणारा आणि मार्चमध्ये धबधबा शोधणारा असे दोघेही हिरमुसून परततात. त्यात दोष जंगलाचा नसतो, आखणीचा असतो.

आखणी करायची म्हणजे काय, हेही नेमके सांगायला हवे. पहिली पायरी साधी आहे: उद्यान सोमवारी बंद असते आणि कान्हेरीचे तिकीट वेगळे काढावे लागते, हे घरून निघतानाच माहीत असावे. दुसरी पायरी, एका भेटीला एकच हेतू. मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरी काही किलोमीटर आत आहे. लेणी नीट पाहायची तर तो अख्खा दिवस लेण्यांचा. फुलपाखरे आणि पक्षी यांसाठी शिलोंड्याची वाट. डोंगर, खाडी आणि कांदळवन एका नजरेत पाहायचे तर वसईच्या खाडीपलीकडचा नागला. ठाण्याकडून यायचे तर येऊर. यांतल्या काही वाटांवर परवानगी आणि सोबत वाटाड्या लागतो. ती अडचण वाटू नये. वाटाड्या पाड्यावरचा असेल, तर कुठल्या झाडाची साल कशाने सोलली गेली आहे हे तो चालता चालता सांगतो. तिसरी पायरी, त्याच वाटेवर वेगळ्या ऋतूत पुन्हा जाणे. पावसाळ्यात ओढा अचानक चढतो म्हणून पात्रात उतरायचे नाही, हे शहाणपणही तीच वाट उन्हाळ्यात कोरडी पाहिलेल्याला अधिक पटते.

यावर पहिला आक्षेप असा, की माणसांना जंगलात बोलावणे म्हणजेच जंगलाचे नुकसान. आक्षेप खरा आहे, पण अर्धा. एका रविवारी एकाच धबधब्याशी लोटणारी गर्दी रानाला जाचते. तीच माणसे वर्षभरात, वेगवेगळ्या दिवशी, थोडी थोडी आणि आखलेल्या वाटेवरूनच आली तर भार विभागतो. शिवाय गाभ्याचे जंगल बंदच राहिले पाहिजे, आणि ‘इथून पुढे नाही’ ही पाटी पाळणे हाही आखणीचाच भाग आहे. दुसरा आक्षेप बिबट्याच्या भीतीचा. २०१५च्या कॅमेरा ट्रॅप गणनेत उद्यान आणि लगतच्या परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले. तरीही दिवसा, गटाने, नेमून दिलेल्या वाटेवर चालणाऱ्याला बिबट्या सहसा दिसतही नाही. तो मुख्यतः रात्री हिंडतो. २००४च्या सुमारास इथे हल्ले वाढले होते हे खरे, पण त्यावर बिबटे हलवणे हा उपाय नव्हे: बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्याने संघर्ष कमी होण्याऐवजी वाढतो, हे विद्या अत्रेय यांच्या महाराष्ट्रातल्या संशोधनाने दाखवून दिले आहे. वारली समाजाने वाघोबाला देव मानून त्याच्या शेजारी राहण्याचे नियम कधीच घालून घेतले. दिवाळीच्या तोंडावर येणारी वाघबारस त्याच जाणिवेची आहे.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: इतका विचार करून फिरायला सवड कुणाला आहे? आठवड्यातून एकच सुट्टी मिळणाऱ्याला ऋतूंचे वेळापत्रक सांगणे ही चैन नव्हे का? उलट, ज्याच्याकडे वेळ आणि पैसा कमी आहे त्यालाच आखणीची गरज अधिक असते. दूरच्या अभयारण्यातली महागडी सफारी सर्वांना परवडत नाही. लोकलच्या पासावर गाठता येणारे जंगल परवडते. वर्षातून चार सकाळी, चार ऋतूंत, एवढीही बेगमी पुरते. शाळांनी सहलीसाठी दरवर्षी नवे ठिकाण शोधण्याऐवजी मुलांना पाचवीपासून दहावीपर्यंत एकाच वाटेवर नेले, तर त्यांच्या वहीत सहा वर्षांच्या नोंदी जमतील.

या सगळ्याचा संबंध फिरण्याच्या आनंदापुरता नाही. हे रान टिकण्यामागे एक मोठे कारण पाण्याचे आहे: १८६०चा विहार आणि १८७९चा तुळशी हे मुंबईला पाणी देणारे तलाव, त्यांचे पाणलोट क्षेत्र राखले गेले म्हणून डोंगर राखले गेले. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या नद्यांचा उगम याच डोंगरांत होतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा अवघ्या शहराला मिठीचे नाव कळले. तोवर ती अनेकांच्या लेखी नाला होती. आज उद्यानाच्या खालून ठाणे-बोरिवली जुळे बोगदे काढण्याचा प्रकल्प हाती घेतलेला आहे, कडेने इमारती चढत आहेत. अशा निर्णयांच्या बाजूने वा विरोधात कुणीही बोलावे, पण झऱ्यांचे काय होणार, प्राण्यांच्या वाटा कुठून जातात, पाड्यांना विचारले का, हे प्रश्न ज्याने ती वाट वेगवेगळ्या ऋतूंत चालून पाहिली आहे त्यालाच नेमके सुचतात. एकदाच आलेला पाहुणा जंगल सुंदर आहे एवढेच सांगू शकतो. वारंवार येणारा नागरिक ते कसे चालते हे सांगू शकतो, आणि जनसुनावणीत उपयोगी पडते ते हे दुसरे ज्ञान. म्हणून नव्या वर्षाच्या दिनदर्शिकेवर सणवार पाहताना ऋतूगणिक एक सकाळ या रानासाठी आजच राखून ठेवावी, आणि ज्यांच्या गावाशेजारी दुसरी टेकडी किंवा देवराई आहे त्यांनी ती तिच्यासाठी राखावी.