चाचणीचे वाण आणि घरचा संगणक

जालना जिल्हा बियाण्यांसाठी ओळखला जातो. येथे बियाणे उद्योग उभारणारे बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. नवे वाण विक्रीला येण्याआधी चाचणीच्या प्लॉटवर पेरून पाहतात, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

सॉफ्टवेअरचीही अशी चाचणी होते. पूर्ण तयार होण्याआधीच्या आवृत्तीला ‘बीटा’ म्हणतात. तिचा हेतूच चुका शोधण्याचा असतो. बियाण्याचा प्लॉट वेगळा राखलेला असतो. बीटाची चाचणी मात्र ती घेणाऱ्याच्याच संगणकावर होते. त्याच संगणकात दुकानाची उधारी आणि मुलांची प्रमाणपत्रे असतात.

शिवाय आत शिरणे सोपे, बाहेर पडणे अवघड. विंडोजच्या ‘इनसायडर’ योजनेत चार-दोन क्लिकमध्ये नाव नोंदवता येते. पण अगदी कच्च्या टप्प्यावरून नेहमीच्या आवृत्तीवर परतायचे, तर बहुधा विंडोज नव्याने टाकावे लागते. पिक्सेल फोनवर अँड्रॉइडचा बीटा मध्येच सोडला, तर फोनमधील माहिती पुसली जाते.

धोका किती खरा आहे, हे २०१८ मध्ये दिसले. विंडोज १० चे अपडेट २ ऑक्टोबरला सर्वांसाठी खुले झाले आणि काहींच्या फाइली नाहीशा झाल्या. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच ते थांबवले आणि १३ नोव्हेंबरला दुरुस्त करून पुन्हा दिले. चाचणी करणाऱ्या काहींनी ही तक्रार आधीच नोंदवली होती. ती इतर तक्रारींच्या ढिगात मागे पडली. चाचणीतून बाहेर पडलेले अपडेट असे वागू शकते, तर चाचणीत असलेल्याचा भरवसा काय धरावा?

नवख्याला नुसती सूचना देऊन भागत नाही. इंग्रजीतली सूचना न वाचताच ‘नेक्स्ट’ दाबले जाते. म्हणून दार मुळातच बंद हवे. उबुंटूमध्ये चाचणीतल्या अपडेटचा ‘प्रपोज्ड’ हा भाग आपण होऊन सुरू केल्याशिवाय चालू होत नाही. घरच्या विंडोजवरही हे साधता येते. रोजच्या वापराचे खाते ‘स्टँडर्ड’ ठेवावे, ‘ॲडमिनिस्ट्रेटर’चा पासवर्ड घरातल्या जाणत्याकडे असावा, मग बीटाची नोंदणी चुकून होत नाही. नेहमीची सुरक्षा अपडेट मात्र बंद करू नयेत. महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि काम झाले की ती डिस्क काढून ठेवावी.

संगणक दुरुस्त करून आणला, की ‘यात बीटा तर टाकलेला नाही ना?’ एवढे दुकानदाराला जरूर विचारावे.