खर्चाचा आकडा तोच, वेळ वेगळा

सर्व्हर नुकताच रीस्टार्ट केलेला असताना पोस्टग्रेसमध्ये एखादी क्वेरी 'एक्सप्लेन ॲनालाइझ'ला बफर्सचा पर्याय लावून चालवली, की 'शेअर्ड रीड' अशी नोंद आणि तिच्यापुढे मोठा आकडा दिसतो. इतकी पानं बाहेरून आणावी लागली. तीच क्वेरी लगेच पुन्हा चालवा. 'रीड' गायब, त्या जागी 'हिट'. पानं आता मेमरीतच आहेत. सेकंदांचं काम मिलिसेकंदांत होतं. पण क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या प्लॅनरने आधी मांडलेला अंदाजी खर्च पाहिला, तर तो दशांशापर्यंत तोच.

टेबल सलग वाचावं की इंडेक्समधून उड्या मारत जावं, हे त्या खर्चावरून ठरतं. 8 केबीचं एक पान सलग वाचायला 1, उडी मारून वाचायला 4, हे मूळ दर. हा 4 कुठून आला याचा हिशेब पोस्टग्रेसच्या जुन्या आवृत्त्यांच्या माहितीपुस्तिकेत आहे : उडी मारून वाचणं 40 पट महाग, पण अशा वाचनांपैकी 90 टक्के पानं कॅशमध्ये सापडतील. म्हणजे कॅशचा विचार झालेला आहे, फक्त सगळ्या टेबलांना आणि दिवसाच्या सगळ्या वेळांना एकाच मापाने.

प्रत्यक्षात तसं नसतं. बिलांच्या टेबलात चालू महिन्याच्या नोंदींना दिवसभर हात लागतो. जुन्या वर्षांचं दप्तर ऑडिटवाले आले तरच उघडतं. तेवढ्याच ओळी मागणाऱ्या दोन क्वेरी, एक या महिन्याची आणि एक पाच वर्षांपूर्वीची, प्लॅनरला सारख्याच खर्चाच्या वाटतात. दुसरी सुरू झाली की डिस्कचा आलेख वर जातो आणि फोन सुरू होतात.

गंमत अशी, की माहिती त्याच सर्व्हरच्या पोटात आहे. पीजी बफरकॅश हे एक्स्टेन्शन लावलं की प्रत्येक बफरची एक ओळ मिळते : पान कुठल्या टेबलाचं, बदललंय का, आणि 0 ते 5 यांमधला वापराचा आकडा. शेअर्ड बफर्स, म्हणजे पोस्टग्रेसचा स्वतःचा कॅश, मूळच्या 128 एमबीवरच असतील तर 16,384 ओळी. टेबलागणिक बेरीज केली की कोण गरम आणि कोण थंड, लगेच कळतं. प्लॅनर तिकडे बघतच नाही. इफेक्टिव्ह कॅश साइझ नावाचं सेटिंग तो बघतो, पण त्याचा उपयोग एकाच क्वेरीत तीच पानं पुन्हापुन्हा लागली तर, एवढ्यापुरता. आधीच्या क्वेरीने आणलेलं पान अजून मेमरीत असेल, हे तो धरत नाही.

मग ही बेरीज थेट प्लॅनरच्या हाती द्यावी का? या क्षणाची द्यावी, असं मला वाटत नाही. समजा टेबल मेमरीत आहे आणि इंडेक्स नाही. प्लॅनर टेबल सलग वाचेल, इंडेक्सला कोणी हातच लावणार नाही, म्हणून तो कधी मेमरीत येणार नाही आणि कायम महागच दिसत राहील. शिवाय सकाळी एक प्लॅन, दुपारी दुसरा. असल्या तक्रारीचा माग काढणं नको वाटतं. त्यात ऑपरेटिंग सिस्टिमचा स्वतःचा कॅश वेगळाच. पोस्टग्रेस ज्याला 'रीड' म्हणतो ते पान तिथून आलं की डिस्कवरून, हे त्या आकड्यावरून समजत नाही.

मायएसक्यूएलने 8.0 मध्ये पाऊल टाकलं : मेमरीतल्या पानाचा दर 0.25, डिस्कवरच्या पानाचा 1, आणि कुठल्या इंडेक्सचा किती भाग मेमरीत आहे याचा अंदाज इनोडीबी देतं. पोस्टग्रेसमध्ये मला याहून संथ काहीतरी हवंय. पार्टिशन आणि इंडेक्सवार 'हिट'चं प्रमाण काही दिवसांच्या सरासरीने साठवावं, आणि ॲनालाइझ कमांडने गोळा होणाऱ्या इतर आकडेवारीसारखं अधूनमधून ताजं करावं. मधल्या काळात जुनी पार्टिशनं वेगळ्या टेबलस्पेसमध्ये हलवून तिथला उडीचा दर चढा ठेवता येतो. ही सोय पोस्टग्रेसमध्ये आहे, फक्त दर हाताने लिहावा लागतो.