औंढ्याच्या माळावरील गणित

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात, गुरुत्वीय लहरींच्या वेधाकरिता, ४ किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांची जी वेधशाळा मुक्रर झाली आहे, तिला तत्त्वतः मंजुरी १७ फेब्रुवारी २०१६ रोजी, म्हणजे अशा लहरींच्या पहिल्या वेधाची घोषणा झाल्यावर अवघ्या सहा दिवसांत मिळाली. सुमारे २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये आली. खरी कसोटी मात्र गणिताची आहे. भुजेची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाइतकीही न बदलणारी ही लहर यंत्राच्या कोलाहलातून ओळखावयाची, तर सापेक्षतेच्या समीकरणांवरून तिचा आकार आगाऊ गणून त्या नमुन्यांशी प्रत्येक नोंद पडताळावी लागते. आणि या पडताळणीची रीत सिद्ध करण्यात पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेतील संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी, लहरी प्रत्यक्ष गवसण्याच्या कितीतरी आधी, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासूनच अग्रेसर होते.