मिस्त्रींच्या काठ्या

गेल्या वर्षी माघात आमचे दादा गेले. दादा म्हणजे माझे सासरे. वय चौऱ्याऐंशी, दुखणं जेमतेम आठ दिवसांचं. तेरावा झाला, पाहुणे पांगले आणि पुढच्याच रविवारी दुपारी दारात चार म्हातारे उभे राहिले. एक वकील, एक डॉक्टर, एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब आणि चौथ्यांचं कापडाचं दुकान. "मिस्त्रींचं घर हेच ना?" म्हणून विचारत आले होते.

भेटायला आलेली माणसं दहा मिनिटं बसतात, चहा घेतात, उठतात. ही मंडळी तब्बल अडीच तास बसली!

दादा गावातल्या क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे बिलियर्ड्सच्या खोलीत गुण मोजणारा, टेबलाचं हिरवं कापड ब्रशने साफ करणारा, साहेब लोकांच्या हातात काठी देणारा माणूस. घराणं सुताराचं, त्यामुळे काठ्यांची दुरुस्ती त्यांच्याकडे आली आणि पुढे नव्या काठ्या करणंही. खेळणारे तिला 'क्यू' म्हणतात. आमच्या घरात ती कायम काठीच. परदेशी क्यू त्या काळी सहज मिळत नसे, मिळाली तरी परवडत नसे. मग दादांची काठी. क्लबाच्या त्या खोलीत बायकामुलांना मात्र मज्जाव. लग्न होऊन मला बावीस वर्षं झाली, पण बिलियर्ड्सचं टेबल मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

मी चहा घेऊन गेले तर बाहेर सामनेच रंगले होते. बँकेतले साहेब सांगत होते, "आमचा देव म्हणजे विल्सन जोन्स. आपल्या पुण्यात जन्मलेला माणूस. १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकला. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय! १९६४ ला न्यूझीलंडला जाऊन परत जिंकला. पेपरातला त्याचा फोटो मिस्त्रींनी काठ्यांच्या फळीवर चिकटवला होता."

"आणि फरेरा?" डॉक्टर म्हणाले. "मुंबईचा मायकेल फरेरा. १९७७, १९८१, १९८३, तीन वेळा जगज्जेता. तो जिंकला की मिस्त्री सगळ्यांना पेढे वाटायचे. पगार तो केवढा, पण पेढे स्वतःच्या खिशातून."

मला गंमत वाटली. मी तिथेच मोड्यावर टेकले आणि विचारलं, "काका, या काठीत एवढं असतं तरी काय?"

मग काय, चौघेही सुरू झाले. क्यू साधारण पावणेपाच फूट लांब, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. स्नूकर-बिलियर्ड्सची क्यू बहुधा ॲशच्या लाकडाची, पूलची मेपलची, आणि मुठीकडे जड शिसवी किंवा एबनी. लाकूड नीट वाळलेलं हवं. एकदम तासलं तर ते वाकतं. म्हणून थोडं तासायचं, काही दिवस तसंच टांगून ठेवायचं, पुन्हा थोडं तासायचं. टोकाला पितळेचं टोपण आणि त्यावर चामड्याची टीप. रुंदी जेमतेम एक सेंटिमीटर, म्हणजे आपल्या कपाळावरच्या टिकलीएवढी! पण सगळा खेळ त्या टिकलीवर. ती घुमटासारखी गोल हवी, थोडी खरबरीत हवी, म्हणजे तिच्यावर खडू धरतो. नाहीतर काठी चेंडूवरून सटकते आणि हातातला डाव जातो.

वकीलकाका म्हणाले, "अमेरिकेत जॉर्ज बालाबुश्का म्हणून एक कारागीर होऊन गेला. मूळचा रशियातला, १९२४ साली न्यूयॉर्कला आला. सुतारकामातला माणूस. १९५९ पासून क्यू करायला लागला, १९७५ मध्ये वारला. १९८६ च्या 'द कलर ऑफ मनी' या सिनेमात त्याच्या नावाची क्यू आली आणि त्याचं नाव जगभर झालं. तो आपल्या क्यूवर सही करायचा. आमचे मिस्त्री आमचे बालाबुश्काच होते. फक्त सही तेवढी कधी केली नाही त्यांनी."

आतल्या खोलीच्या उंबऱ्यात आई येऊन बसल्या होत्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. खरं सांगायचं तर माझंही नव्हतं.

वकीलकाकांना एक सामना आठवला. "सत्त्याहत्तर साल. जिल्ह्याची अंतिम फेरी, सकाळी दहाला. आदल्या संध्याकाळी माझ्या क्यूची टीपच उडाली. धावत मिस्त्रींकडे पाठवली. सकाळी घ्यायला आलो, तर घोंगडी पांघरून स्वतः दारात आले आणि काठी हातात दिली. काय टीप बसवली होती! त्या दिवशी चेंडू माझ्या मनातलं ओळखत होता. तो करंडक अजून आहे माझ्याकडे. तशी टीप मिस्त्रींनी पुन्हा कुणाला बसवून दिली नाही."

"ती ह्यांनी नव्हती बसवली," आई म्हणाल्या.

सगळे वळून बघायला लागले.

"ह्यांना हिवताप होता. चार दिवस अंथरुणाला खिळून होते. काठी द्यायला तेवढे कसेबसे उठले. टीप मी बसवली."

कुणी बोलेना. मलाच राहवलं नाही. "आई, तुम्ही?"

"मग? काचकागद कोण मारत होतं इतकी वर्षं? हे दिवसभर क्लबात. पोरं निजली की मी काठ्या घ्यायची. घासायच्या, जवसाचं तेल मुरवायचं. आधी नुसतं तेल, मग टिपाही." मग त्यांनी शांतपणे सगळी कृती सांगितली. आपण पुरणाची सांगतो ना, अगदी तशी! जुनी टीप खरवडून काढायची, टोपण कानशीने सपाट करायचं, चामड्याची खालची बाजू जरा घासून घ्यायची, सरस तापवून लावायचा, दाबून बांधायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. पहाटे उठून पात्याने कडा कातरायच्या आणि काचकागदाने गोलाई द्यायची. काठी सरळ आहे का हे पाहायला ती देवघरापुढच्या शहाबादी फरशीवर सोडायची. "सरळ काठी गपगुमान जाते. वाकडी खडखडते."

"वहिनी, कधी बोलला नाहीत," वकीलकाका म्हणाले.

"ह्यांनीच सांगितलं होतं, बोलू नको म्हणून. बाईनं हात लावला म्हटल्यावर साहेब लोकांचा विश्वास उडेल. आणि तुम्ही जिंकलात, म्हणून बरं. हरला असतात तर माझ्यावरच आलं असतं!"

सगळे हसले. पण वकीलकाका उठले आणि त्यांनी आईंना हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. गेली बारा वर्षं मी बचत गटांचं काम करते. गावोगावी जाऊन बायकांना सांगते, 'घरात बसून करता त्या कामाचीही किंमत असते, ती मोजा, वहीत लिहा.' आणि माझ्याच घरात एक बाई अर्ध्या रात्रीपर्यंत काठ्या घासत होती, त्याची ओळ कुठल्याच वहीत नाही. आईंच्या उजव्या हाताची बोटं वाकडी झाली आहेत. मी समजत होते, संधिवात. दर थंडीत तेल चोळून द्यायची. कशाने झाली असतील, हे एकदाही विचारलं नाही. दादांबद्दल राग येऊ पाहत होता, पण आला नाही. क्लबाने त्या माणसाला चाळीस वर्षांत ना फंड दिला ना पेन्शन. मार्करची बायको टिपा बसवते हे कळलं असतं, तर हाती होतं तेही गेलं असतं, ही भीती त्यांना असणारच.

दोन दिवसांनी वकीलकाका हातात लांबुडकी पिशवी घेऊन आले. "वहिनी, टीप बदलून द्याल?"

आईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "चष्मा आण गं. आणि माळ्यावरची ती पेटी." मी पेटी काढून दिली आणि हळूच म्हटलं, "आई, मजुरी?" त्यांनी जरा विचार केला. "हे पाच रुपये घ्यायचे. मी शंभर घेईन. चामडं महागलंय." काकांनी आनंदाने दिले. आता सरस नाही, दुकानातला तयार गोंद आहे, पण रात्रभर हात लावायचा नाही हा नियम कायम. ते शंभर रुपये माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहिले आहेत, आईंच्या नावासह.

आता क्लबाची ती खोली बायकांना बंद नाही. कॉलेजजवळच्या पूल पार्लरमध्ये मुलीही जातात. आपल्या देशाच्या विद्या पिल्लई, चित्रा मगिमैराज, इंदूरची अमी कमानी या मुली परदेशात खेळून आल्या, हे आईंना मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "काठी कुठली वापरतात गं?"

मग एका रविवारी वकीलकाकांनीच आम्हा दोघींना क्लबात नेलं. बारा फूट लांब, सहा फूट रुंद टेबल. हिरव्या कापडाखाली दगडी पाट्या, तुळयांसारखे पाय. जन्मभर त्या टेबलासाठी काठ्या घासलेल्या आईंनी ते पहिल्यांदा पाहिलं. "इतकं मोठं असतं होय!" म्हणाल्या. कापडावरून हात फिरवला. मग भिंतीवरच्या फळीतून एक काठी उचलली, टेबलावर सोडली आणि कान देऊन ऐकत राहिल्या.

"ही ह्यांची," त्या म्हणाल्या. थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "आमची."