विहिरीचें सोंग : मुलांस पाण्याचा हिशेब कसा शिकवावा

पाणी जपून वापरावें, हा उपदेश आपल्या मुलांनीं शाळेंत व घरीं पुष्कळ वेळां ऐकलेला असतो. तो त्यांस पाठही असतो. परंतु पाठ असणें निराळें आणि उमजणें निराळें. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, तिच्या झऱ्याची नसते. जमिनीच्या पोटांतील पाणी बांध ओळखीत नाहीं. एकानें खोल बोअर घेतली म्हणजे शेजाऱ्याची विहीर आटूं लागते, शेजारी त्याहून खोल जातो, आणि अखेर दोघांवरही कोरडें बसण्याची पाळी येते. ही गोष्ट व्याख्यानानें मुलांच्या गळीं उतरत नाहीं. सोंग घेऊन, मिळून खेळल्यानें उतरते. त्याची रीत आम्ही येथें देत आहों.

बारा मुलें घ्यावीं. मध्यें एक घागर ठेवावी; तीच गांवची विहीर. तींत आरंभीं २० पेले पाणी असावें. एकानें पावसाचें सोंग घ्यावें, एकीनें विहिरीचें, एकानें घराचें व एकानें गाईचें. उरलेल्या आठांच्या जोड्या करून चार शेतकरी करावे. प्रत्येक फेरी म्हणजे एक वर्ष. फेरीच्या आरंभीं पाऊस घागरींत १२ पेले ओततो. मग प्रत्येक जोडी आपसांत कुजबुजून पीक ठरविते. ज्वारीस २ पेले लागतात व तिचे २ चिंचोके मिळतात. ऊंसास ८ पेले लागतात व त्याचे ५ चिंचोके मिळतात. शेतकऱ्यांनीं पाणी नेलें कीं घर व गाय येतात. त्यांस मिळून ४ पेले हवेत. विहिरीनें दर फेरीस आपली शिल्लक मोठ्यानें सांगावी.

आतां काय घडतें तें पाहा. चौघांनींही ऊंस लावला तर पहिल्याच वर्षीं घागर रिती होते, आणि गाय रिकामें भांडें घेऊन उभी राहते. दोघांनीं लावला तर दुसऱ्या वर्षीं तीच गत. एकट्यानेंच लावला तर कोणास कांहीं कळत नाहीं. शिल्लक १४, ८, २ अशी उतरत जाते आणि चौथ्या वर्षीं गाईस थेंब मिळत नाहीं. चौघांनीं ज्वारी घेतली तर जितकें आलें तितकेंच गेलें, आणि २० पेले कायम राहिले.

येथें शिक्षकांनीं खेळ थांबवावा, पण उत्तर सांगूं नये. मुलांची सभा भरवावी. पीक कोणी ठरवावें, ऊंस पाळीपाळीनें घेतां येईल काय, घर व गाय यांचा मान पहिला कां असूं नये, हें त्यांनींच बोलून नियम करावे व पुन्हां खेळावें. एका फेरींत पावसानें ६ पेलेच ओतावे; ज्यांनीं शिल्लक राखली त्यांचें तें वर्ष निभावतें. बोलणीं मुलांनीं स्वतः रचावीं. भारुडांतील सोंगें व तमाशांतील बतावणी त्यांनीं पाहिलेली असते. विहिरीस बोलकी करणें त्यांस जड नाहीं.

हे आंकडे खेळापुरते आहेत. खऱ्याचा हिशेब मागाहून करवून घ्यावा. एक एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारें ४,००० लिटर पाणी. ५०० मिलिमीटर पडला तर २० लाख लिटर होतें. पण पुष्कळसें वाहून वा वाफ होऊन जातें, आणि दख्खनच्या काळ्या पाषाणांत फटी व मुरूम एवढीच जागा असल्यामुळें थोडेंच मुरतें.

हा पोरखेळ आहे असें कोणी म्हणेल. परंतु आंध्र प्रदेशांतील कांहीं गांवांत प्रौढ शेतकऱ्यांकडून भूजलाचा असाच खेळ खेळविण्यांत आला. त्याचा अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. खेळ झालेल्या गांवांत पाण्याची नोंदवही व नियम स्वीकारण्याकडे अधिक कल दिसला. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें तर ग्रामसभा पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते व त्यावरून पिकें ठरविते. खेळांतील सभा आणि ही ग्रामसभा यांत फरक वयाचाच.

अडचण एकच आहे, आणि ती मुलांची नव्हे. अशा सोंगांत बापाची बोअर व काकांचा ऊंस चावडीपुढें उभा राहतो. तेव्हां वडील माणसांनीं रागें भरूं नये. रब्बीच्या पेरणीआधीं हा प्रयोग ठेवावा, स्वतः जाऊन बसावें, आणि आपल्या विहिरीची खरी पातळी मुलांस मोजूं द्यावी. मुलांनीं मांडलेला हिशेब आपण पेरणीच्या वेळीं मोडला, तर तेंही तीं पाहून शिकतातच.